दीड गुंजेची ओढ

गेल्या दिवाळीपासून आमच्या घरात 'स' आजारी होता. आम्हा माणसांचा नव्हे, रेकॉर्डमधला. गायिकेनं 'सखी' म्हटलं की आधी कुणीतरी फरशीवरून पत्र्याची ट्रंक ओढल्याचा आवाज यायचा आणि मग पुढची 'खी' मात्र लोण्यासारखी. तेही फक्त उजव्या स्पीकरातून. डावा स्पीकर शुद्ध बोलायचा, उजव्याला पडसं. ज्यानं सारी नोकरी झेडपीच्या शाळेत पोरांचे 'स' आणि 'श' वेगळे करण्यात घालवली, त्याच्याच घरात हे चालावं?

या यंत्राला मी बोलावलं नव्हतं. मुलगा खराडीला फ्लॅट घेऊन राहतो. मी निवृत्त झाल्यावर त्याला माझी काळजी वाटू लागली. "बाबा, तुम्हाला काहीतरी छंद पाहिजे," असं म्हणून त्यानं नवाकोरा टर्नटेबल आणि पुण्याच्या जुन्या बाजारातून उचललेल्या चौदा एल.पी. आणून दिल्या. जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे घासाघीस करून आणलेल्या रेकॉर्ड अगदी स्वस्तात पडल्या, असं तो सांगत होता. 'स' का स्वस्त होता, ते मला नंतर कळलं.

बायकोनं पहिल्याच दिवशी निदान केलं. "पोह्यांत खडा आल्यासारखं वाटतंय," म्हणाली आणि कुकरची शिट्टी मोजायला आत गेली. आईचं मत वेगळं. आई शिरूरला अजून घोडनदी म्हणते आणि या यंत्राला फोनो. तिच्या माहेरी चावीचा फोनो होता. "आमच्या वेळी सगळ्याच गाण्यात खरखर असायची," ती म्हणाली, "ती गेली की आम्हाला वाटायचं, चावी संपली."

आईचं खरं आहे. त्या फोनोला पोलादी पिन असे, ती प्रत्येक बाजूला बदलायची, आणि तिच्यावर शंभर ग्रॅमहून जास्त भार असे. सोनाराच्या हिशेबात साडेआठ-नऊ तोळे. एवढा ऐवज अंगावर घेतल्यावर कोण इकडेतिकडे सरकेल? आताच्या सुईवर भार असतो उणापुरा दोन ग्रॅमचा. दोन मासे. अशी हलकी सुई जरा कुणी ओढलं की निघाली.

आणि ओढणारा आहे. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत त्याचा पत्ता होता. पुस्तिका बऱ्याच भाषांत होती, मराठी सोडून. पण 'अँटी-स्केट' हा शब्द सगळ्यांत सारखाच, म्हणजे कुणालाच न कळणारा. पोरांना समजावून सांगायची सवय असल्यामुळे मी आधी स्वतःलाच समजावलं. ते असं.

रेकॉर्डवर खाच पाडणारं यंत्र आपली सुई कडेपासून मध्यापर्यंत सरळ रेषेत नेतं. आपल्या घरातला हात मात्र एका खुंटीवर फिरतो, फाटकाच्या झापासारखा, त्यामुळे त्याच्या टोकाची वाट कमानदार होते. वाट वेगळी झाली की सुई खाचेत तिरकी बसते. ही तिरपागड कमी करायचं गणित इंग्लंडच्या पर्सी विल्सननं १९२४ मध्ये मांडलं आणि स्वीडनच्या एरिक लोफग्रेननं १९३८ मध्ये ते आणखी पक्कं केलं. उपाय असा निघाला की हात जरा लांब घ्यायचा आणि त्याचं डोकं वीस-पंचवीस अंशांनी आत वळवायचं. सुई सरळ झाली, हात वाकडा झाला. आपल्याकडे रस्ता रुंद केला की गटार तुंबतं, तसंच हे.

आता होतं काय, तबकडी फिरताना सुईला खाचेच्या दिशेनं पुढे ओढते आणि हात तिला खुंटीकडून धरून ठेवतो. दोघं एका रेषेत असते तर रस्सीखेच बरोबरीत सुटली असती. पण हात वाकडा, म्हणून दोर तिरका लागतो आणि सुई हळूच आत, मध्याच्या दिशेनं सरकू पाहते. खाचेला दोन भिंती असतात. आतल्या भिंतीवर डावा आवाज, बाहेरच्या भिंतीवर उजवा. सुई आतल्या भिंतीला रेलली की बाहेरच्या भिंतीवरचा तिचा पाय सुटतो. मग जोराचा 'स' आला की ती त्या भिंतीवर जाऊन आदळते आणि उजवा स्पीकर खोकतो.

ही आतली ओढ सुईवरच्या भाराच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकी असते. दोन ग्रॅमचा दहावा हिस्सा म्हणजे दीड, फार तर पावणेदोन गुंजा. एवढ्याशा ओढीनं माझी दिवाळी खाल्ली होती.

खरं सांगायचं तर हे मला पुस्तिकेनं नाही, न्हावरे फाट्यानं पटवलं. उसाच्या हंगामात तिथे दहा मिनिटं उभं राहा. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांत आभाळापर्यंत ऊस. ट्रॅक्टर वळणावरून व्यवस्थित जातो, पहिली ट्रॉली थोडी आत येते, आणि दुसरी ट्रॉली थेट पानटपरीच्या फळीला हात लावून जाते. मुरलेला ड्रायव्हर वळणाआधी ट्रॅक्टर मुद्दाम बाहेर घेतो. त्याला कुणी अँटी-स्केट शिकवलेलं नाही. त्याला टपरीवाल्यानं शिकवलंय.

आमच्या यंत्रात हे बाहेर घेण्याचं काम एका छोट्या वजनाकडे होतं. हाताच्या बुडाशी एक दांडी, तिला तीन खाचा, खाचेत दोऱ्याचा फास, दोरा एका तारेवरून खाली सोडलेला आणि त्याच्या टोकाला वजन. ते वजन हाताला सतत बाहेर ओढतं. काही यंत्रांत हेच काम स्प्रिंग किंवा चुंबक करतं आणि बाहेर नुसती एक चकती असते, तिच्यावरचा आकडा सुईच्या भाराइतका लावला की झालं. आमच्याकडे चकती नव्हती. वजनही नव्हतं. खोकं रद्दीवाल्याला देताना दोऱ्यासकट तेही गेलं होतं. किलोवर.

म्हणून मी आमच्या नेहमीच्या सोनाराकडे गेलो. त्यानं चष्म्यावरून पाहिलं.

"या गुरुजी. मोड आणलीय का?"

"मोड नाही. वजन पाहिजे."

"कुणाचं?"

मी त्याला सगळं सांगितलं. हात, खुंटी, भिंती, ओढ. सोनार हा फार सोशिक प्राणी असतो. लग्नाच्या खरेदीला आलेली सात-सात माणसं तो एका वेळी ऐकतो. माझं पूर्ण ऐकून त्यानं एवढंच विचारलं, "टोकाला ओढ किती पाहिजे?"

"दीड-पावणेदोन गुंजा."

"आणि वजन बुडाला लटकणार. मग दहा-बारापट घ्यावं लागंल. तुमच्यापर्यंत पोचेस्तोवर झिजणार ना ते, गावाला आलेल्या निधीसारखं."

सारी नोकरी शाळेत घालवून मला तरफेचा नियम इतका थोडक्यात सांगता आला नव्हता. त्यानं मोडीच्या डबीतून तुटलेल्या पैंजणाचं एक घुंगरू काढलं. ते हलकं भरलं. मग त्यातला खडा काढून पोटात डाख ओतला, पुन्हा काट्यावर ठेवलं, कानशीनं जरा घासलं. आकडा आला २.४३ ग्रॅम. "दोन मासे, चार गुंजा," तो म्हणाला. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. हा हिशेब पाठ असलेला आमच्या गावातला तो बहुधा शेवटचा माणूस असावा. जाता जाता मी त्याच्या काट्यावर सुईचा भार कसा मोजायचा हेही विचारून घेतलं. त्यानं काटा दोन दिवस घरी न्यायला दिला. पण घुंगराची मजुरी घेतली.

दोरा घोडनदीवरून आला. नदीवर मासे धरणाऱ्या एका माजी विद्यार्थ्यानं हातभर तंगूस दिला. "गुरुजी, किती किलोपर्यंतचा मासा?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "दोन मासे." तो म्हणाला, "मग पुरंल."

घुंगरू लागलं आणि घरात मतदान सुरू झालं. पहिल्या खाचेत फास टाकला, तर उजवा 'स' थोडा बरा. तिसऱ्या खाचेत टाकला, तर उजवा 'स' ठणठणीत आणि डावा अंथरुणावर. आता सुई बाहेरच्या भिंतीला रेलली होती. बायकोचं मत पहिल्या खाचेला, कारण ती स्वयंपाकघरात असते आणि तिकडे डावा स्पीकर ऐकू येतो. आईचं मत तिसऱ्या खाचेला, कारण तिची खाट उजवीकडे. मी मधे बसत असल्यामुळे मला दोन्हीकडून थोडं थोडं ऐकू यायचं, संसारात येतं तसंच.

चाचणीला रेकॉर्ड कोणती घ्यावी, हाही घोळ होता. चौदांत एक 'शोले'च्या संवादांची निघाली. १९७५ मध्ये चित्रपट आला आणि पुढे कितीतरी वर्षं आमच्या भागातल्या लग्नांत कर्ण्यावर मंगलाष्टकांच्या आधी गब्बर वाजायचा. ती रेकॉर्ड इतक्या लग्नांना जाऊन आली होती की गब्बरच्या आवाजातली खरखर त्याची स्वतःची किती आणि वऱ्हाडाची किती, हे ठरवता येईना. अभंगांची लावली, तर टाळ पत्र्यावर खडे पडल्यासारखे. एका जाणकारानं गुळगुळीत, खाच नसलेल्या तबकडीवर सुई ठेवून ती जागेवर थांबते का पाहायला सांगितलं. पण गुळगुळीत जागी घर्षण वेगळं, खाचेत वेगळं. माणूस चावडीवर वागतो तसा घरात वागतो का?

शेवटी मी दौंडच्या मामांना फोन केला. मामा रेल्वेत रुळांच्या देखभालीच्या टोळीचे मुकादम होते. आत रेलणं, बाहेर रेलणं, एक बाजू झिजणं, हे सगळं त्यांच्याच खात्यातलं वाटत होतं. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रूळ फोनवरून बघत नसतात. ये इकडं."

शिरूरहून एसटीनं निघालो. न्हावरे, पारगावचा भीमेवरचा पूल, केडगाव, चौफुला, पाटस, दौंड. मामांना दाखवायला घुंगरू खिशात घेतलं होतं. कंडक्टरला सुटे द्यायला खिशात हात घातला आणि पैशांबरोबर ते तळहातावर आलं. कंडक्टरनं घुंगराकडे पाहिलं, माझ्या पांढऱ्या टोपीकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "चौफुला द्यायचं ना, गुरुजी?" ज्यांना चौफुल्याची लावणीची कला केंद्रं ठाऊक नाहीत त्यांनी कुणा तरी मोठ्या माणसाला विचारावं. मी दौंडपर्यंतचं तिकीट मोठ्यानं मागितलं. मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. फक्त उजवीकडून.

दौंड हे वळणावर वसलेलं गाव नाही, वळण्यावर वसलेलं गाव आहे. १८७८ मध्ये मनमाडचा फाटा सुरू झाला आणि तेव्हापासून पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन इथे एका तोंडाचं काढून दुसऱ्या तोंडाला लावण्यात लोकांचे जन्म गेले. खिडकीला तोंड करून पुढे बघत बसलेला माणूस दौंडनंतर मागे बघत प्रवास करायचा. आता बाहेरून कॉर्ड लाईन झाली, पुष्कळ गाड्या गावात न येताच वळतात. माणसं मात्र उलटी. रोज पहाटे दौंडची निम्मी माणसं पुण्याकडे ओढली जातात आणि रात्री परत सोडली जातात. शिरूरची ओढली जातात ती वाघोली-खराडीलाच चिकटतात. आमचंही एक आहे.

मामांनी घुंगरू तळहातावर तोललं आणि विचारलं, "खाच किती लांब?"

मी हिशेब करून नेला होता. "बावीस मिनिटांची बाजू, मिनिटाला सव्वातेहतीसच्या आसपास फेरे. सरळ केली तर अर्ध्या किलोमीटरला थोडी कमी."

"आणि सरळ तुकडा किती?"

"सरळ अजिबात नाही."

मामा गंभीर झाले. "अर्धा किलोमीटर ट्रॅक आणि सगळा कर्व्ह! माझ्या गँगनं राजीनामे दिले असते."

मग चहा पिता पिता त्यांनी मला कँट समजावला. वळणावर गाडी बाहेर फेकली जाते, म्हणून बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा उंच ठेवतात. ब्रॉडगेजच्या मुख्य मार्गावर तो जास्तीत जास्त १६५ मिलिमीटर. "पण कँट एकाच स्पीडला बरोबर बसतो," मामा म्हणाले. "सुपरफास्टला कमी पडतो, ती बाहेरचा रूळ खाते. मालगाडीला जास्त होतो, ती आतल्या रुळावर बसती. रूळ तेच, गाड्या दोन्ही. मग आम्ही मधला बघायचो."

"म्हणजे मधली खाच?"

"ते घरी आल्याशिवाय सांगता येत नाही."

दुसऱ्या दिवशी मामा माझ्याबरोबर शिरूरला आले. येताना गवंड्याची लेव्हल घेऊन आले. रुळावरची पट्टी १,६७६ मिलिमीटरच्या गेजची, ती आमच्या यंत्राखालच्या कपाटावर मावली नसती. घरात शिरल्यावर त्यांनी यंत्राकडे पाहिलंसुद्धा नाही. लेव्हल कपाटावर ठेवली. बुडबुडा एका बाजूला पळाला आणि तिथेच बसला.

"फरशीला उतार कशाचा?"

"मोरीकडचा," बायको आतून म्हणाली. "पाणी काढायला ठेवलाय."

म्हणजे तीन महिने माझी सुई गाण्याच्या ओढीनं आत आणि मोरीच्या ओढीनं खाली अशी दोन्हीकडून चालली होती. मामांनी माझ्या जुन्या कपाटातून सातवीची स्वाध्यायपुस्तिका काढली, घडी घातली आणि यंत्राखालच्या कपाटाच्या पायाखाली सारली. बुडबुडा मधे आला. सोनाराच्या काट्यावर सुईचा भार मोजला, तो दोन ग्रॅमऐवजी दीड निघाला. मुलानं 'रेकॉर्ड झिजू नये' म्हणून हलका ठेवला होता. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि जास्त झिजवते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. भार दोनवर आणला. मग मधली खाच. मग 'सखी'.

'स' आला. साधा, दंत्य, दोन्हीकडून सारखा. आईनं खाटेवरून मान हलवली. बायको बाहेर येऊन उभी राहिली. मी शाळेत एवढ्या वर्षांत कुणाच्या 'स'ला दाद दिली नसेल तेवढी या 'स'ला दिली.

पण मामा मुकादम. त्यांना शेवटचा मैलाचा दगडही बघायचा होता. म्हणून भीमसेन जोशींची ख्यालाची एल.पी. लावली. विलंबित सुरेख गेलं. द्रुत सुरू झालं, ताना आल्या, आणि अगदी शेवटी, लेबलाजवळ, पुन्हा किंचित खर. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मामा, कडेला सुईखालून सेकंदाला ५१ सेंटिमीटर खाच जाते. लेबलापाशी तीच २१ उरते."

"बरोबरच आहे की. टाईट कर्व्हवर स्पीड कमीच पाहिजे."

"पण ख्याल उलटा चालतो. सुरुवातीला, जिथे ऐसपैस जागा, तिथे आलाप. आणि जिथे जागा संपत आली, तिथे सगळ्यात जोराच्या ताना."

मामा बराच वेळ फिरत्या तबकडीकडे बघत राहिले. "मग ट्रॅकची चूक नाही," ते म्हणाले. "टाईमटेबल चुकलंय."

मी घुंगरू अजून एका खाचेनं पुढे ढकलायला हात नेला. त्यांनी मनगट धरलं. "तेवढी खर काढायला जाशील, तर पहिल्या गाण्याचा 'स' परत बिघडंल. राहू दे. मालगाडी पण त्याच रुळानं जाती."

रविवारी मुलगा आला. त्यानं ऐकलं, मोबाईलवरून मान वर न करता "मस्त!" म्हणाला आणि घुंगरू बघून हसला. संध्याकाळी निघताना आईनं नेहमीसारखं विचारलं, "परत कधी?" ती दर रविवारी तेवढंच विचारते, जोर न लावता. तो अजून तरी दर रविवारी येतो.

तुमच्याकडे असं यंत्र असेल तर आधी कपाटाखालची पातळी बघा. मग सुईचा भार मोजा, पुस्तिकेत जेवढा लिहिलाय तेवढाच ठेवा. मग बाहेरची ओढ लावा, एक जोराचा 'स' दोन्ही कानांनी ऐका आणि दोन्हीकडून सारखा आला की हात मागे घ्या. शेवटच्या तानेला थोडी खर राहील, ती राहू द्या. आणि वजन हरवलंच, घुंगरू करून घ्यावं लागलं, तर शिरूर-चौफुला एसटीत खिशातून सुटे पैसे काढताना जरा जपून.